पिपिन डेनेथॉरला ‘तू’ म्हणतो

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. टॉल्किन आणि जॉर्ज आर. आर. मार्टिन वाचून झालेत. रॉबर्ट जॉर्डनच्या ‘व्हील ऑफ टाइम’चा चौथा खंड हातात आहे. एक मैत्रीण म्हणते, खरं वर्ल्डबिल्डिंग, म्हणजे काल्पनिक जगाची उभारणी, बघायचं तर स्टीव्हन एरिक्सनचं ‘मॅलाझान’ वाच. दुसरा मित्र ब्रँडन सँडरसनचं नाव घेतो, पण त्याची भाषा सपक आहे हेही कबूल करतो. तर ‘लेखनशैली’ आणि ‘वर्ल्डबिल्डिंग’ असे दोन रकाने आखून या सगळ्यांना गुण कसे द्यायचे, आणि पुढे कुणाला हात घालायचा?

मी बरीच वर्षं फँटसी कादंबऱ्यांची हस्तलिखितं तपासते आहे. त्या कामातून बनलेलं माझं मत सांगते: दोन रकाने आखूच नका. नकाशे, वंशावळी, देवदेवता, जादूचे नियम हे सगळं लेखकाच्या वहीत असतं. आपल्या हातात फक्त वाक्यं येतात. त्यामुळे मी एवढंच विचारते की हे जग कुणाच्या तोंडून कळतंय आणि त्या माणसाला काय ठाऊक नाही. या एका निवडीवर जगाचा आकारही ठरतो आणि भाषाही. पुढे पाचव्या-सहाव्या खंडात मालिका कुठे अडखळणार, तेही बऱ्याचदा तिथेच ठरून जातं.

टॉल्किनपासूनच सुरुवात करू, कारण मराठी वाचकाला तिथे एक मजा मिळते जी मूळ इंग्रजी वाचकाला मिळत नाही. ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’च्या शेवटी भाषांबद्दल एक परिशिष्ट आहे, बहुतेक लोक ते न वाचताच पुस्तक मिटतात. त्यात तो सांगतो की शायर या मुलुखातल्या हॉबिटांच्या, म्हणजे बुटक्या लोकांच्या, बोलीतून आदरार्थी रूपं जवळजवळ लोप पावली होती. गोंडोर या माणसांच्या राज्याच्या भाषेत मात्र ती शाबूत होती. त्यामुळे पिपिन हा हॉबिट गोंडोरची राजधानी मिनास तिरिथला पोचल्यावर पहिले काही दिवस सगळ्यांशी सरसकट एकेरीत बोलत होता, खुद्द राज्याचा कारभार पाहणाऱ्या डेनेथॉरशीसुद्धा. म्हाताऱ्या कारभाऱ्याला त्याची गंमत वाटली असेल, पण नोकरचाकर चाटच पडले असणार. हा आपल्या मुलुखात कुणीतरी फार मोठ्या घरचा आहे, ही अफवा पसरायला त्या एकेरीनं हातभार लावला.

इंग्रजीत ‘यू’ एकच. त्यामुळे कादंबरीच्या पानांवर इंग्रजी वाचकाला फक्त परिणाम दिसतो: लोक या पोराला राजपुत्र समजतात. कारण परिशिष्टात दडलेलं राहतं. मराठीत हेच एका शब्दात उभं राहील. पिपिन भर दरबारात डेनेथॉरला ‘तू’ म्हणेल आणि बाजूचा पहारेकरी दचकेल. अनुवादकानं आपल्या सवयीनं पिपिनच्या तोंडी ‘महाराज, आपण’ घातलं, की वाक्य कानाला बरोबर वाटेल पण त्या जगाचा एक सांधा निखळेल. आता सांगा, हे शैलीच्या रकान्यात लिहायचं की वर्ल्डबिल्डिंगच्या?

टॉल्किन ऑक्सफर्डमध्ये जुन्या इंग्रजीचा प्राध्यापक होता, आणि त्याच्या बाबतीत भाषा आधी आल्या, गोष्ट नंतर. एल्रॉन्डच्या सभेचं प्रकरण पुन्हा उघडून बघा. ड्वार्फ ग्लोइन, माणूस बोरोमिर, एल्फांचा एल्रॉन्ड, हॉबिट बिल्बो एकाच सभेत बसून एकाच विषयावर बोलताहेत, पण वाक्यांची लांबी, शब्दांचं वय, क्रियापदाची जागा यांवरून कोण बोलतोय ते नाव झाकूनही ओळखता येतं. त्याची नक्कल करणाऱ्या कितीतरी लेखकांनी एल्फ घेतले, ड्वार्फ घेतले, नकाशाही घेतला. हे मात्र कुणाच्या लक्षात आलं नाही, किंवा आलं तरी जमलं नाही.

‘अर्थसी’ची लेखिका उर्सुला ले ग्विननं १९७३ साली एका निबंधात यावर एक निर्दय चाचणी लावली होती. एका फँटसी कादंबरीतला संवादाचा तुकडा तिनं घेतला, त्यातले मोजके शब्द बदलले, आणि तो वॉशिंग्टनमधल्या दोन राजकारण्यांचा संवाद म्हणून सहज खपला. मी हस्तलिखितांवर हेच करते. ‘सेनापती, परिषदेचा निर्णय आपल्या बाजूनं लागेल असं वाटत नाही. उत्तरेकडचे सरदार अजून नाराज आहेत.’ आता सेनापतीचा साहेब करा, परिषदेची मीटिंग करा आणि सरदारांच्या जागी शाखाप्रमुख बसवा. काही बिघडलं? नाही. म्हणजे या दोन ओळींत ते जग अजून आलेलंच नाही, भले मागे चाळीस पानांची वंशावळ असो.

याउलट हे बघा. एका नवोदित लेखिकेनं दुष्काळी राज्याचं वर्णन करायला तीन परिच्छेद खर्च केले होते. पाऊस किती वर्षं नाही, कुठल्या नद्या आटल्या, वगैरे. तीन फेऱ्यांनंतर त्यातलं एक वाक्य राहिलं: ‘वेशीवरच्या पहारेकऱ्यानं तिच्या घोड्याकडे पाहिलंही नाही, आधी पखाल हातात घेऊन तोलली.’ ते वाक्य तिचंच होतं, दुसऱ्या परिच्छेदात दडून बसलेलं. बाकीचं तिच्या वहीत गेलं. त्याची जागा तीच होती.

आता सँडरसन. ले ग्विनच्या चाचणीत तो नापास होतो, आणि बऱ्यापैकी सपशेल. ‘स्टॉर्मलाइट आर्काइव्ह’ मालिकेतल्या २०२४ च्या ‘विंड अँड ट्रूथ’मध्ये तर काही पात्रं एकमेकांच्या मनाबद्दल आजच्या समुपदेशकाच्या भाषेत बोलतात. विनोदही बरेचसे ओढूनताणून केलेले. म्हणून त्याची भाषा सपक म्हणणाऱ्या तुमच्या मित्राशी मी भांडणार नाही. पण त्याच्याकडे दुसरी एक ताकद आहे, तीही वाक्यांमधूनच येते. त्या मालिकेतल्या रोशार या जगावर पूर्वेकडून पश्चिमेकडे महावादळं पुन्हा पुन्हा येत राहतात. त्यामुळे तिथलं गवत पाऊल जवळ आलं की जमिनीतल्या भोकात शिरतं. झाडं पानं आत ओढून घेतात, बहुतेक प्राण्यांना कवच असतं, वस्त्या आडोशाला असतात. नाणी म्हणजे काचेच्या गोळीतली रत्नं. वादळात ठेवली की ती उजळतात, मग दिवा म्हणूनही चालतात आणि जादूचं इंधन म्हणूनही. आणि पश्चिमेला, डोंगरांच्या आड, वादळ पोचता पोचता ओसरतं असा एक देश आहे. ‘द वे ऑफ किंग्ज’ (२०१०) मध्ये व्यापाऱ्याच्या हाताखाली शिकणारी एक मुलगी तिथे गाडीतून उतरते आणि पायाखालचं गवत हलत नाही म्हणून बावचळते. आपलं साधं गवत तिला मुर्दाड वाटतं. उद्धृत करावं असं वाक्य मला त्या प्रकरणात सापडत नाही, पण ते वाचल्यावर आपल्याच अंगणाकडे मी क्षणभर परकेपणानं पाहिलं होतं.

त्याचा गाजलेला नियम २००७ चा: जादूनं पेच सोडवायचा असेल तर ती जादू वाचकाला आधी तितकी समजलेली हवी. हा नियम सगळे जादूपुरता वापरतात. माझ्या मते तो तिथल्या रीतिरिवाजांना लागतो तेव्हा अधिक चांगला चालतो. त्या मालिकेतल्या मुख्य समाजात लिहिणं-वाचणं हे बायकांचं काम आहे, पुरुषानं लेखणी धरणं लाजिरवाणं. पहिल्या खंडात हे रंगतदार तपशील म्हणून येतं. तिसऱ्या खंडात, २०१७ मध्ये, त्याच तपशिलावर एका पुरुष पात्राचा सगळ्यात मोठा क्षण उभा राहतो. त्यात तलवार नाही, वादळ नाही, फक्त एक माणूस आणि कोरा कागद. अशी वसुली फार थोड्या लेखकांना साधते.

वसुलीचा विषय निघालाच आहे तर मार्टिनकडे येऊ. निवेदनाची निवड म्हणजे पहिल्या खंडात काढलेलं कर्ज असतं, आणि त्याचे हप्ते किती चढतात ते मार्टिनकडे बघून कळतं. त्याच्या ‘अ गेम ऑफ थ्रोन्स’ (१९९६) या पहिल्या खंडात प्रास्ताविक सोडलं तर आठ दृष्टिकोन-पात्रं आहेत. प्रकरणाला पात्राचं नाव, आणि त्या प्रकरणात त्याच्या डोळ्यांना दिसेल तेवढंच. या पद्धतीनं त्याचं जग इतकं जिवंत झालं. उत्तरेतून आलेल्या नेडला राजधानीतलं राजकारण कळत नाही म्हणून आपल्यालाही ते तुकड्यातुकड्यानं कळतं, त्याच्या मुलीला, सान्साला, गाण्यांतली शौर्यकथा खरी वाटते म्हणून दरबार आधी झगझगीत दिसतो. पण या पद्धतीची अट अशी की जिथे महत्त्वाचं काही घडणार तिथे एक डोळा हजर असलाच पाहिजे. कथा नव्या मुलुखात गेली की नवा डोळा नेमा. पाचव्या खंडापर्यंत ही संख्या १६ वर गेली. तिसऱ्या खंडानंतर (२०००) त्यानं कथेत पाच वर्षांची उडी घ्यायचं ठरवलं होतं, ते जमेना म्हणून सोडून दिलं. मग चौथा खंड इतका फुगला की पात्रं भूगोलानुसार वाटून निम्मी २००५ मध्ये आणि उरलेली २०११ मध्ये आली, मोठ्या प्रमाणात एकाच काळातली. सहाव्याची वाट वाचक अजून बघताहेत. याला आळस म्हणणाऱ्यांना मी एकदा आठ पात्रांची समांतर दिनदर्शिका बनवायला सांगते. कुणाला निरोप किती दिवसांनी पोचला, तोवर कोण कुठे निघून गेलं होतं, ते तिच्यात मांडून बघा. संध्याकाळपर्यंत डोकं धरून बसाल.

तरीही त्या पाचव्या खंडात त्यानं केवळ शीर्षकांतून केलेलं एक काम मला फार आवडतं. छळानं स्वतःचं नावच विसरलेल्या एका माणसाची प्रकरणं आहेत. पहिली त्याला दिलेल्या घाणेरड्या नावानं सुरू होतात, मग कधी पदवी, कधी शिवी, कधी नुसतं ‘विंटरफेलमधलं भूत’, आणि शेवटी त्याचं खरं नाव. तुम्ही वाचलं असेलच. पुन्हा फक्त शीर्षकं चाळून बघा.

जॉर्डन तुम्ही वाचताच आहात, तेव्हा पुढचं फोडत नाही. त्याच्याबद्दलची तक्रार ठरलेली आहे: वेणी ओढणं, स्कर्टच्या चुण्या नीट करणं, पुरुषांना कधी कळणार नाही असं प्रत्येक बाईनं आणि बायकांना कधी कळणार नाही असं प्रत्येक पुरुषानं म्हणणं. तक्रार खरी आहे. मी संपादक असते तर निम्म्या वेण्या कापल्या असत्या. पण त्या खाली काय चाललंय तेही बघा. त्याचं प्रत्येक पात्र पूर्ण आत्मविश्वासानं चुकीचं असतं. तीनशे मैलांवरच्या लढाईची बातमी खानावळीत पोचते तेव्हा तिची पाच रूपं झालेली असतात, आणि पात्रं त्यातलं सगळ्यात चुकीचं रूप धरून निर्णय घेतात. इतक्या मोठ्या जगात माहिती किती सावकाश आणि किती वाकडी चालते, हे त्याच्याइतकं मनावर कुणी घेतलेलं नाही. याचाही हप्ता पुढे भरावा लागतो. नवव्या खंडाच्या शेवटी एक प्रचंड घटना घडते आणि दहाव्याचा मोठा भाग त्या वेळी बाकीचे लोक कुठे काय करत होते यातच जातो. पद्धतीशी प्रामाणिक, आणि वाचायला चिखल.

शैली आणि जग वेगळं काढता येतं का, याचा जणू प्रयोगच या मालिकेवर झाला. जॉर्डन २००७ मध्ये गेला. त्याची पत्नी आणि संपादक हॅरिएट मॅकडूगल हिनं सँडरसनला निवडलं, आणि टिपणं, लिहून ठेवलेले प्रसंग यांच्या आधारे त्यानं शेवटचे तीन खंड २००९ ते २०१३ दरम्यान पूर्ण केले. नकाशा तोच, जादूचे नियम तेच, पात्रं तीच, टिपणं खुद्द मूळ लेखकाची. दोन रकान्यांचा हिशोब खरा असता तर फक्त शैली बदलायला हवी होती. पण जगाचाच पोत बदलला. अंतरं आखडली, प्रवास चटचट उरकले, लोक एकमेकांना लवकर समजू लागले. कथेला त्याची गरज होती, मी तक्रार करत नाही, उलट तो नसता तर मालिका अर्धवट राहिली असती. पण मॅट हे पात्र पहिल्या फेरीत नीट साधलं नाही, हे सँडरसननं स्वतः मान्य केलंय. मॅटच्या मनातली बडबड ही जॉर्डनच्या वाक्याची चाल होती. तिची नोंद टिपणात करता येत नाही. शेवटच्या खंडाचा अगदी शेवटचा प्रसंग जॉर्डननं आधीच लिहून ठेवलेला होता. तिथे पोचलात की चाल बदललेली तुम्हाला आपोआप ऐकू येईल.

एरिक्सनकडे यायला मी मुद्दाम उशीर केला. हा माणूस पुरातत्त्व आणि मानववंशशास्त्र शिकलेला. ‘मॅलाझान’चं जग त्यानं आणि इयन एसलमाँटनं १९८० च्या दशकात रोल-प्लेइंग खेळ खेळता खेळता उभं केलं, पहिली कादंबरी ‘गार्डन्स ऑफ द मून’ आली १९९९ मध्ये. या दोन्ही गोष्टी पानोपानी दिसतात. खेळात पात्रांचा भूतकाळ खेळून झालेला असतो, म्हणून कादंबरीत ती एकमेकांना काही समजावून सांगत नाहीत. आणि उत्खनन करणाऱ्याला वस्तू जशी सापडते, अर्धी, मातीखाली, कशाचा तुकडा आहे ते न कळता, तशीच त्याची माहिती तुमच्या हाती पडते. खापर सापडतं तिसऱ्या खंडात, मडकं कळतं सातव्यात. पाचवा खंड तर जवळजवळ संपूर्ण नव्या पात्रांसह वेगळ्याच भूखंडावर सुरू होतो.

तुमच्या मैत्रिणीचं ‘खरं वर्ल्डबिल्डिंग’ हे मात्र मला पटत नाही. थरांची खोली तिथे खरोखर आहे, दुसऱ्या खंडातला निर्वासितांना घेऊन चाललेल्या सैन्याचा प्रवास तर युद्धकथांमध्येही वरच्या रांगेत बसेल. पण त्याचे शिपाई, देव आणि लाखो वर्षांचे मृत योद्धे बऱ्याचदा एकाच थकलेल्या तत्त्वज्ञाच्या आवाजात बोलतात. नाव झाकून ओळखायची चाचणी तिथे लावा, गडबड होईल. आठव्या खंडात तो एका वाचाळ, तिसऱ्या पुरुषात स्वतःबद्दल बोलणाऱ्या पात्राकडे निवेदन सोपवतो, तेव्हा कळतं की त्याला वेगळा आवाज काढता येतो, फक्त रोज काढायचा नसतो.

रॉबिन हॉबचं नाव तुमच्या यादीत नाही याचं आश्चर्य वाटलं. १९९५ ते २०१७, १६ पुस्तकं, आणि त्यातली फिट्झ या नायकाची पुस्तकं प्रथमपुरुषी. तिचं जग मोठं वाटतच नाही, कारण फिट्झला एक किल्ला आणि त्याच्या भिंतींमागचे बोळ एवढंच दिसतं. मग दुसऱ्या त्रयीत ती निवेदनाची पद्धत बदलते, दक्षिणेच्या व्यापाऱ्यांकडे जाते, आणि बोलणाऱ्या जहाजांचं लाकूड नेमकं कशाचं आहे हे कळल्यावर उत्तरेत वाचलेल्या गोष्टींचाही अर्थ पालटतो. फिट्झला हे कित्येक पुस्तकं माहीतच नसतं. आपल्याला असतं. त्याच्या कानात जाऊन सांगावं असं वाटत राहतं.

आधीच्या खंडात चुकीचं लिहून बसलात तर काय, हा प्रश्न संपादक म्हणून मला रोजचा. तारखा, डोळ्यांचे रंग, घोड्याचं लिंग (मार्टिनचा एक घोडा दोन पुस्तकांमध्ये घोडी झाला, तो स्वतःच सांगतो) या चुका वही ठेवून टळतात. मोठी चूक वेगळी. ‘द हॉबिट’च्या १९३७ च्या आवृत्तीत गोलम हा अंगठी बाळगणारा गुहेतला जीव बिल्बोशी लागलेल्या कोड्यांच्या पैजेत अंगठी बक्षीस म्हणून द्यायला तयार असतो, ती सापडत नाही म्हणून माफी मागतो आणि बिल्बोला वाट दाखवतो. पुढे ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’मध्ये त्या अंगठीचं जे झालं, त्यात हे बसणं शक्यच नव्हतं. टॉल्किननं १९५१ च्या आवृत्तीत ते प्रकरण बदललं. इथवर कुणीही केलं असतं. पण त्यानं जुनं रूप पुसलं नाही. ते बिल्बोनं मित्रांना सांगितलेलं खोटं ठरवलं, आणि सरळमार्गी बिल्बो या एका बाबतीत खोटं का बोलला, यातच अंगठीच्या विषाचा पहिला पुरावा ठेवला. पुस्तक बिल्बोच्याच आठवणींतून आलंय असं मानलेलं होतं, म्हणून हे जमलं. निवेदक कोण हे ठरलेलं नसतं तर नुसतं शुद्धिपत्र झालं असतं.

ले ग्विननं याहून अवघड केलं. ‘अर्थसी’च्या पहिल्या पुस्तकात, १९६८ मध्ये, बायकांच्या जादूला कमी लेखणारी एक म्हण सहज येऊन जाते. चौथं पुस्तक ‘तेहानू’ १९९० मध्ये त्या म्हणीपाशी थांबतं आणि विचारतं, हे कुणी ठरवलं? बेटं तीच, जादू तीच, एकही नियम बदललेला नाही. फक्त आता घरात भांडी घासणारी एक विधवा बघते आहे.

तर पुढे काय वाचावं. जॉर्डनचा सातव्या-आठव्या खंडापर्यंत हात सोडू नका. दहाव्यात अडकलात तर प्रकरणाच्या माथ्यावर छापलेलं लहान चित्र बघत जा. ते प्रकरण कुणाचं किंवा कशाबद्दल आहे याचा त्यात बऱ्याचदा इशारा असतो. ज्यांच्यात जीव गुंतलाय तेवढीच प्रकरणं वाचा, बाकीची चाळा, मला काही वाटणार नाही. मध्ये श्वास घ्यायला ‘अर्थसी’ची पहिली तीन घ्या, तिन्ही मिळूनही जॉर्डनच्या एका खंडाहून लहान भरतील. एरिक्सन सर्वांत शेवटी. तो घ्याल तेव्हा पहिले दोन खंड सलग वाचा, मागची शब्दसूची उघडू नका, आणि तिसऱ्यालाही काही धागा लागला नाही तर खुशाल ठेवून द्या.